उलट्या पंख्याची मोहीम

सकळ सुजाण वाचकांस विदित व्हावे जे, वारा हा कोणाचा चाकर नव्हे. त्यास हुकुमात आणू गेले त्या थोर थोर असामींनी हात टेकिले, तेथे खटपटरावांचा काय पाड! तथापि रावांनी छतावरील पंख्याशी जे युद्ध मांडिले, त्याची हकीकत घडली त्या रीतीने, पदरचे तिखटमीठ बेताचेच घालोन लिहितो.

खटपटराव हा किताब शेजाऱ्यांनी बहाल केलेला. नोकरी कचेरीत, परंतु जीव हत्यारांच्या पेटीत. मागील मोहिमांत मिक्सर धारातीर्थी पडला, इस्त्री कायमची जायबंदी जाहली आणि दारावरची सेलवर चालणारी घंटा कोणी न दाबता वाजू लागली, ती अद्याप वाजते. अशात बैठकीच्या खोलीतील पंखा मंदावला. मग रावांनी स्वहस्ते कंडेन्सर बदलिला आणि मोठ्या दिमाखाने बटण दाबिले, तो पंखा उलटा फिरोन सारा वारा छताकडे रवाना करू लागला. वर कोळिष्टके मजेत डोलतात आणि खाली माणसे घामाने निथळतात, ऐसा प्रसंग गुदरला. बाईसाहेबांनी, म्हणजे रावांच्या पत्नीने, मेस्त्रीस बोलावण्याचा अर्ज गुजरला. त्यावर फर्मान सुटले, "पंखा अगदी बरोबर आहे. उकाडा वर खेचून घेतो. नवी पद्धत आहे ही!"

बाईसाहेबांनी प्रतिफर्मान काढिले, "संध्याकाळी आई येतेय. पंखा तिनेच दिलेला. ती खाली बसली आणि वारा वर गेला, तर उद्या तुमची पेटी भंगारात."

रावांच्या काळजाचे पाणी जाहले. ती पेटी म्हणजे त्यांची दौलत, आणि तीतला पेचकस वडिलांच्या हातचा. चूक कबूल करावी तर शब्द खाली पडतो, न करावी तर पेटी जाते. पंख्याच्या दांडीवरील वाटीखालच्या लाल आणि निळ्या तारांची अदलाबदल केली की पाती सुलट फिरतील, हे मनोमन कळोन चुकले होते, परंतु बाईसाहेबांदेखत चढणे म्हणजे शरणागती. मग चिकटपट्टी आणण्याचे निमित्त करोन राव कोपऱ्यावरच्या दुकानी जाऊन दबा धरोन बसले, आणि बाईसाहेब आईस आणावयास बसथांब्याकडे गेलेल्या पाहताच तडक घरी दाखल जाहले.

पाहतात तो स्टूल पंख्याखाली तयार मांडिलेले! हा शुभशकुन मानोन रावांनी मेन स्विच पाडिला, वर चढले आणि वाटी सरकविली. तारांवरील पट्टी इतक्या सफाईने गुंडाळलेली होती की, आपला हात काय बसला आहे, म्हणोन त्यांनी स्वतःसच शाबासकी दिली. मग ती पट्टी सोडोन तारांची अदलाबदल केली, आणि वाटीचा शेवटचा स्क्रू आवळीत असता घंटा वाजली. ती तर सदैव वाजते म्हणोन राव निश्चिंत राहिले, इतक्यात कुलपात किल्ली फिरली. राव उडी टाकोन उतरले, धावत मेन स्विच चढविला आणि सासूबाईंस सामोरे गेले. पंखा चालवोन पाहण्यास उसंत मिळाली नाही.

सासूबाई ऐन उकाड्यातही शाल पांघरोन आल्या आणि नेमक्या पंख्याखाली बसल्या. रावांनी छाती फुगवोन बटण दाबिले. पाती फिरली, आणि वर कोळिष्टके डोलू लागली.

"अहो, असं कसं?" बाईसाहेबांच्या तोंडून निघोन गेले. "मी दुपारी सुलटा केला होता की!"

"तू? अगं, आत्ताच तर मी सुलटा केला!"

मग बाईसाहेबांनी हळूच खुलासा केला, "तुम्ही काही कबूल करणार नाही. आईसमोर तुमचं हसं व्हायला नको, म्हणून तुम्ही दुकानात गेल्यावर चढले. इतकी वर्षं स्टूल धरतेय, तेवढं बघून येतंच की."

रावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि त्याच घटकेस फार बरेही वाटले. मग त्या घराण्याच्या इतिहासात पूर्वी कधी न ऐकिलेले शब्द ते बोलिले, "चूक माझीच. पहिल्यांदा तारा मीच उलट्या जोडल्या."

सासूबाई पदर तोंडास लावोन हसल्या आणि आज्ञा जाहली, "पेटी कुठे जायची नाही. पण यापुढे चढायच्या आधी एकमेकांना सांगत जा रे बाबांनो!"

मग पुनश्च मेन स्विच पाडिला, बाईसाहेब स्टुलावर चढल्या, रावांनी स्टूल धरिले आणि वडिलांचा पेचकस आपण होऊन वर दिला. तारा फिरल्या, वाटी बसली, बटण दाबिले, आणि वारा मुकाट खाली उतरला. वर्तमानपत्र उडाले, सासूबाईंची शाल फडफडली.

येणेप्रमाणे पंखा काबीज जाहला. फत्ते उभयतांच्या नावे लिहिली, पेटीस अभय मिळाले, कोळिष्टकांचा अंमल उठला. सासूबाईंनी शाल आवळोन पंख्याकडे कौतुकाने पाहिले आणि अखेरचा हुकूम दिला, "छान फिरतो हो, जावईबापू. आता बंद करा. मला वारं सोसत नाही."

हुकुमाची तामील जाहली.