सदोष नाण्याचा निर्दोष दाखला

चेन्नईत दहा रुपयांचं नाणं कायदेशीर चलन आहे आणि ते कुणी घेत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या दिनकररावांना मान्य होतं. अण्णा नगरच्या भाजीवालीनं "पत्तु रूबा काइन वेण्डाम सार" अर्थात दहाचं नाणं नको, म्हणून परत केलेलं असंच एक नाणं त्यांनी घरी सवयीनं भिंगाखाली धरलं आणि तसंच खिडकीच्या उजेडात नेलं.

नाण्यावरचे सिंह सरळ धरून, पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं बाजूला उलटलं, की मागचा आकडाही सरळ दिसायला हवा. इथे दहाचा आकडा शीर्षासन करत होता. टाकसाळीत ठसा उलटा बसला होता! दुसऱ्यांच्या चुका काढून जन्मभर शिव्या खाल्लेल्या माणसाला अखेर अशी चूक सापडली होती, जिच्यासाठी संग्राहक हार घालतात.

"हार राहू द्या, भाजी कुठंय?" त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"दाखला मिळू दे. एकदा तरी लोक म्हणतील, दिनकररावांना दिसलं." हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला, तेव्हा बाईंनीही भाजीचा विषय सोडला.

नाणेदोष प्रमाणन मंडळ जॉर्ज टाउनात, भांड्यांच्या एका घाऊक दुकानाच्या माडीवर होतं. अध्यक्ष सेतुमाधवराव पिढीजात तंजावरचे मराठी, आणि तेही सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी नाणं चिमटीत धरलं, खालून वर उलटलं आणि परत केलं.

"दहा सरळ आहे. दोष इल्लै, नाहींच."

"अहो, वर नाही, बाजूला उलटायचं! पुस्तकाच्या पानासारखं."

"पुस्तक घरीं वाचायचें. इथें फाइल चालते. फाइलीचें पान वरच उलटतें."

"असं उलटलंत तर प्रत्येक धड नाणं सदोष ठरेल!" दिनकररावांनी पुराव्यादाखल खिशातलं साधं नाणं पुढे केलं. अध्यक्षांनी तेही वर उलटलं. दहा डोक्यावर! सेतुमाधवराव खुर्चीतून उठले.

"अय्यो! हें कां लपवून ठेवलें?"

दिनकररावांनी बरंच समजावलं. मंडळानं त्यांच्या आक्षेपाची दखल घेऊन 'नाणे-उलट पद्धती उपसमिती' नेमली. उपसमितीनं अहवाल फाइलीत लावला, फाइल वर उलटून वाचली आणि पद्धत योग्य ठरवली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. काल जे नाणं कुणी हातात घेत नव्हतं, ते आज डब्याडब्यांनी जॉर्ज टाउनात येऊ लागलं. जिना चढणारा प्रत्येक जण दुर्मिळ चूक असल्याचा दाखला घेऊन उतरत होता. भाजीवाली धनलक्ष्मीसुद्धा गल्ला घेऊन गेली आणि दाखल्यांचा गठ्ठा घेऊन आली.

मग मंडळाला घोर लागला. अख्खं शहर सदोष नाण्यांनी भरलं, तर दुर्मिळ काय उरलं? बराच खल झाल्यावर सेतुमाधवरावांना अण्णा नगरचं ते एक नाणं आठवलं. वर उलटूनही सरळ राहिलेलं, शहरातलं एकमेव निर्दोष नाणं!

सत्कार अड्यारच्या सभागृहात झाला. दिनकररावांनी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर नाणं बाजूला उलटायचं आणि खरं काय ते सांगायचं. तेवढ्यात गळ्यात गुलाबाचा जाड हार पडला. "शहरांत एवढीं नाणीं, पण दिसलें तें दिनकररावांनाच!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत रत्नप्रभाबाई डोळे पुसत होत्या.

दिनकररावांनी नाणं चिमटीत धरलं आणि खालून वर उलटलं.

वाचता वाचता तुम्हीही खिशातलं नाणं काढलं असेलच. बाजूला उलटलंत, आकडा सरळ निघाला, आणि मनातून जरासे खट्टू झालात ना? मग वर उलटून बघा. मंडळ सोमवार ते शुक्रवार उघडं असतं.