शेवटच्या खोलीचा श्वास

"दारं बंद करा! खुशाल बंद करा! आत माणूस श्वास घेतोय की नाही, हे बघायला कुणी डोकं आत घालायची गरजच नाही. माझा प्रोग्राम सांगेल!"

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात उभं राहून सरासरीनं हे असं ठणकावलं, की दोन म्हातारे घास तोंडात तसाच धरून बसले. सरासरी हे काही त्याचं खरं नाव नाही. पण आमटी खारट झाली तरी हा म्हणायचा, "महिन्याची सरासरी काढ, मीठ बरोबरच आहे." मग दुसरं नाव चिकटणार कुठलं?

त्याची आत्या या आश्रमात राहायची. आणि आत्याला जगात फक्त एक गोष्ट हवी होती. बंद दार!

आश्रमाची व्यवस्था बघायच्या त्या बाईंनी सगळ्या खोल्यांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या. मागं एकदा कुणीतरी आत पडलं आणि दार फोडावं लागलं, तेव्हापासून. दुपारच्या झोपेच्या वेळी तर दारं सताड उघडी ठेवायची, असा हुकूम. म्हाताऱ्यांनी बाईंचं नावच ठेवलं होतं कडी. दुपारभर कामवाल्या मावशी प्रत्येक दारातून मान आत घालून विचारायच्या, "काय हवं का?"

"मला हवंय की तू जावंस!" आत्या रोज म्हणायची.

कारण दुपारी आत्याला काकांशी बोलायचं असायचं. काका वारले त्याला बराच काळ झाला होता. पण आत्याचं म्हणणं, जिवंत असताना यांनी एक वाक्य धड ऐकून घेतलं नाही, आता तरी ऐकू देत. भांडण ऐन रंगात आलं की मावशीची मान आत! "कुणाशी बोलताय आजी?" की झालं, सगळा मूड पार जायचा!

सरासरीनं मग प्रत्येक गादीखाली श्वास टिपणारी पट्टी घातली आणि प्रत्येक दाराबाहेर भिंतीवर एक छोटी स्क्रीन लावली. आतल्या माणसाचा श्वास स्क्रीनवर रेघ होऊन वर-खाली होणार. कडीबाईंनी अट घातली, "आज दुपारी दारं लोटून ठेवू. चहापर्यंत स्क्रीन नीट चालल्या, तर कड्या परत. नाही चालल्या, तर दारंच काढून टाकते!"

"आत्या, कडीवर तुझं नाव कोरून आणतो!" सरासरी म्हणाला.

"आधी लावून दाखव. लहानपणी पतंग उडवतो म्हणालास आणि माझा दुपट्टा फाडलास."

दुपार झाली. सरासरी लॅपटॉप घेऊन व्हरांड्याच्या तोंडाशी बसला. संख्याशास्त्रवाल्यांची ती आर नावाची भाषा असते ना, तिच्यात त्यानं एक फंक्शन लिहिलं होतं. त्याला खोली सांगायची, ते त्या खोलीची स्क्रीन तयार करून देणार. मग लूप लावला, म्हणजे एकामागून एक सगळ्या खोल्या आपोआप. आत्याची खोली आली तेव्हा त्यानं मुद्दाम थांबून तिचा श्वास उघडून बघितला. आत्या जागी होती, रेघ रागावल्यासारखी उड्या मारत होती. झकास! बाकीच्या कशाला बघायच्या? शितावरून भाताची परीक्षा!

"मी ऑफिसात आहे," कडीबाई म्हणाल्या आणि गेल्या. दारं लोटली गेली. व्हरांडा असा गप्प झाला की भिंतीला कान लावावा आणि भिंतीनं आपलं ऐकावं.

स्क्रीनवरच्या रेघा वर गेल्या. खाली आल्या. वर गेल्या. खाली आल्या.

मावशी झाडू हातात धरून मधोमध उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, हे सगळे एकदमच कसे काय श्वास घेतात हो?"

सरासरीनं मान वर केली. डाव्या भिंतीवरच्या स्क्रीन, उजव्या भिंतीवरच्या स्क्रीन, सगळ्या रेघा एकाच वेळी फुगत होत्या आणि एकाच वेळी बसत होत्या. जणू अख्खा व्हरांडा म्हणजे एकच छाती! फक्त आत्याची रेघ आपली वेगळी, फणकाऱ्यानं चाललेली.

"योगायोग," सरासरी म्हणाला. पण ते जरा बारीक आवाजातच निघालं.

तेवढ्यात न्हाणीघराकडून जज आले. रिटायर्ड न्यायाधीश, खांद्यावर पंचा, तोंड ओलं. आपल्या दाराशी येऊन ते थबकले. त्यांच्या स्क्रीनवर गाढ झोपलेल्या माणसाची रेघ संथ वर-खाली होत होती.

"अहो सरासरी," ते म्हणाले, "मी इथं उभा आहे. मग आत कोण झोपलंय?"

मावशींनी झाडूच्या दांड्यानं दार ढकललं. आत पलंग. चादर चुरगळलेली. उशीवर जजच्या डोक्याचा खळगा, त्यात कुणी नाही. आणि बाहेर स्क्रीन श्वास घेतच होती.

"माझा श्वास मला सोडून झोपलाय?" जज म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना शिक्षा देणारा माणूस, पण हात भिंतीला टेकला होता.

मावशी रेघेकडे टक लावून बघत होत्या. श्वास लांब, मग मध्येच अडकायचा, मग थरथरत सुटायचा. मावशींच्या हातातला झाडू खाली पडला.

"हा मास्तरांचा श्वास आहे!"

"कोण मास्तर?"

"बँडमास्तर. शेवटच्या खोलीतले. आयुष्यभर कर्णा वाजवला, श्वास असाच ओढायचे. दोन महिने झाले त्यांना जाऊन! त्यांची खोली तेव्हापासून रिकामी आहे साहेब. असा श्वास इथं दुसऱ्या कुणाचा नव्हता."

"बाई, वेड्यासारखं बोलू नका!" सरासरी ओरडला. त्याला राग पटकन यायचा, आणि भीती वाटली की आणखी पटकन. त्यानं प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा चालू केला. या वेळी आत्याच्या जोडीला जजची खोलीही थांबून उघडून बघितली. आणि काय! जजची रेघ लगेच सपाट झाली. बरोबरच, पलंग रिकामाच होता. पण बाकीच्या सगळ्या भिंतींवर मास्तर पुन्हा घोरायला लागले.

"ज्याच्याकडे बघितलं तो शहाणा," जज पुटपुटले. "ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्याच्यात मास्तर शिरतात."

सरासरीला कोडनं अनेकदा छळलं होतं, पण कोड आपल्यावर नजर ठेवून आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्यानं पुन्हा ओळी वाचायला घेतल्या. आणि त्याच क्षणी...

सगळ्या रेघा थांबल्या.

एकदम. सगळ्या. जणू कुणी व्हरांड्याच्या नाकावर हात ठेवला. डावीकडून उजवीकडे नुसत्या सरळ रेघा, आणि त्यांच्यात आत्याची एकच रेघ जिवंत.

मावशींनी अशी किंकाळी फोडली की छतावरची कबुतरं उडाली. धडाधड दारं उघडली. कुणी कवळीशिवाय, कुणी एका पायात चप्पल, कुणी रजईसकट. प्रत्येकजण बाहेर आला आणि प्रत्येकाला आपल्याच दाराशी आपला मृत्यू लावलेला दिसला.

"मी गेले?" एक आजी म्हणाल्या. "आत्ता? आणि मला कुणी उठवलंही नाही?"

"मला तर सकाळपासूनच बरं वाटत नव्हतं," पलीकडचे आजोबा म्हणाले आणि स्वतःची नाडी बघायला लागले. त्यांना ती सापडेना. त्यांनी शेजाऱ्याचा हात धरला, त्याचीही सापडेना. दोघंही मटकन खाली बसले.

आत्या पलंगावर पडल्या पडल्याच उघड्या दारातून इकडं-तिकडं बघत होती. मग जजनी मान हलवली. "शेवटी तूच! आम्हा सगळ्यांना पुरून उरलीस की गं बाई!"

"मला काय हौस आहे!" आत्या म्हणाली. पण आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

इकडं सरासरी लॅपटॉपवर वाकलेला. आणि त्याला दिसलं. असं लख्ख दिसलं की त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"अहो, ही भाषा आळशी आहे!" तो म्हणाला. "फंक्शनला मी सांगितलं, ज्या खोलीची पाळी आहे ती घे. त्यानं खोली घेतलीच नाही! नुसतं माझं वाक्य खिशात टाकलं, आणि ठरवलं, लागेल तेव्हा विचारू पाळी कुणाची ते. मी ज्या खोल्या उघडून बघितल्या, त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, म्हणून त्या बरोबर. बाकीच्यांनी विचारलं सगळं संपल्यावर! तोपर्यंत पाळी कुठं येऊन थांबली होती?"

"कुठं?"

"शेवटच्या खोलीवर! सगळ्या स्क्रीन एकच खोली दाखवतायत. भूत नाही, काही नाही! नुसती शेवटच्या खोलीतली गादी..."

तो मध्येच थांबला. कारण सगळ्यांना एकाच वेळी तेच सुचलं होतं. विचारलं मात्र मावशींनी.

"पण साहेब, त्या खोलीत कुणी नाहीये ना?"

सगळ्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं. शेवटचं दार बंद होतं. मास्तर गेल्यापासून तिकडं कुणी झाडायलाही जात नव्हतं. उन्हाचा एक पट्टा दारापर्यंत पोचून अडला होता.

आणि आतून आवाज आला. खर्रर्र.

लाकडावरून लाकूड ओढल्याचा. थांबला. पुन्हा, खर्रर्र. आत कुणीतरी दाराला टेकवलेली खुर्ची बाजूला सारत होतं.

नाडी हरवलेल्या आजोबांना ती एकदम सापडली, कानात! मावशी जजच्या मागं लपल्या, जज मावशींच्या मागं लपायला बघत होते, म्हणून दोघं नुसते गोल फिरत राहिले. दार हळू उघडलं.

केस विस्कटलेले. डोळे अर्धे मिटलेले. गालावर उशीच्या सुरकुत्या उठलेल्या.

कडीबाई!

बाईंनी समोर बघितलं. अख्खा आश्रम, मेलेला, त्यांच्याकडे बघत होता.

"मी गादी तपासत होते," कडीबाई म्हणाल्या.

जजना त्यांचा जुना आवाज परत मिळाला. "डोळे मिटून?"

"नीट तपासायची तर..."

"दाराला आतून खुर्ची लावून?"

कडीबाई खाली बघत म्हणाल्या, "इथं सारखं कुणी ना कुणी डोकावतं हो! जरा डोळा लागला की 'बाई, हे कुठंय, बाई, ते कुठंय'. माणसाला घटकाभर दार लोटून पडावंसं वाटणार नाही का?"

आत्या उठून पुढं झाली. तिनं कडीबाईंच्या केसांतला कापूस काढला आणि अगदी मायेनं म्हणाली, "वाटतं गं. म्हणून तर म्हणतेय. आम्ही काही बघितलं नाही. दार बंद होतं ना?"

चहाच्या आधी सुतार आला. दारादारावर कडी बसली. कडीबाईंनी शेवटच्या खोलीवर बसवायला सांगितली ती जरा जाडच होती.

सरासरीनं कोडमध्ये एकच शब्द घातला, फोर्स. म्हणजे फंक्शनची मानगूट धरून सांगायचं, खोली आत्ताच्या आत्ता विचार, मग नाही. त्यानं एकेक स्क्रीन एकेक पलंगाशी ताडून बघितली. सगळ्या बरोबर! जो कुशीवर वळला त्याची रेघ हलली, जो उठून बसला त्याची सपाट झाली. आता चूक निघणं शक्यच नव्हतं. छाती पुढं काढून तो आत्याच्या दाराशी आला.

"बघितलंस आत्या? माझ्यामुळे..."

"हो हो, गुणाचा आहेस. सरक," आत्या म्हणाली आणि आतून कडी लागली. खट्! किती दिवसांनी तो आवाज तिच्या खोलीत झाला असेल.

सरासरी दाराबाहेर उभा राहिला. आतून आत्याचं सुरू झालं होतं. दागिने कुणी मोडले, तेव्हा कोण गप्प बसलं, तुमची बहीण काय बोलली. बोलता बोलता ती चालत होती. आवाज खिडकीकडून कपाटाकडे गेला, कपाटाकडून परत खिडकीकडे. पावलं स्पष्ट ऐकू येत होती.

आणि भिंतीवर आत्याच्या पलंगाची रेघ संथ वर जात होती. खाली येत होती. वर जात होती.

सरासरीनं कोड बघितलं. बरोबर. पट्टी बरोबर. खोली बरोबर. तेवढ्यात खिडकीपासून आत्याचा आवाज चढला, "अहो! मी इकडं घसा फोडतेय आणि तुम्ही तिकडं घोरताय काय!"

रेघ दचकली. आणि अंथरुणात कुणी ओशाळून जागं व्हावं, तशी भराभर चालायला लागली.

सरासरीनं स्क्रीनची वायर काढली, गुंडाळली, खिशात घातली. व्हरांड्याच्या टोकाशी मावशींनी विचारलं, "काय झालं साहेब? चालतंय ना?"

"छे हो," सरासरी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या आनंदानं म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असणार!"