पहिली आली, पण कोणासमोर?

रविवारी प्राजक्ताला बघायला देवासची मंडळी यायची होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या सख्ख्या वडिलांनी उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एसटीडी बूथमध्ये उभं राहून तिची अशी काही अब्रू काढली की वैऱ्यानेही कानांवर हात ठेवावेत. यात मधुकररावांचा दोष एवढाच, की ते घोडीबद्दल बोलत होते.

मधुकरराव माधव नगरात राहत आणि बँकेत नोकरी करत. मध्ये बदलीवर पुण्याला गेले आणि तिथे त्यांना रेसचा नाद लागला. पण नादही कोरडाच. घोड्यावर दमडी कधी लावली नाही, नुसतं कुतूहल! उज्जैनला परत आल्यावरही डाकेने शिळी होऊन येणारी पुण्याची वर्तमानपत्रं ते पंचांगासारखी वाचत. त्यांचा सिद्धांत असा: घोडा कितवा आला ते बघू नका, कोणाबरोबर धावला ते बघा. खेचरांत पहिला येण्यापेक्षा वाघांत चौथा आलेला बरा. शाळेच्या निकालापासून मंडईतल्या वांग्यांपर्यंत ते हाच सिद्धांत लावत आणि घरात कोणी ऐकून घेत नसे.

त्या मोसमात पुण्यात प्राजक्ता नावाची एक घोडी लागोपाठ शर्यती जिंकत होती. लेकीचं नाव, म्हणून मधुकररावांचा तिच्यावर फार जीव. तरी शास्त्र ते शास्त्र. पुण्यातल्या बँकेतला त्यांचा जुना सहकारी अनिल याने त्यांचं मत विचारलं होतं, ते सांगायला त्यांनी फोन लावला. लाइन खराब, म्हणून ओरडणं आलं. बूथमधला पंखा बंद, म्हणून काचेचं दार सताड उघडं. आणि दाराबाहेर रांगेत होत्या सुमनताई, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आत्या. मधुकरराव त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी मात्र मधुकररावांना बँकेत पाहिलेलं होतं.

"आपली प्राजक्ता ना? अरे, उगाच डोक्यावर घेऊ नकोस तिला!" मधुकरराव ओरडत होते. "आजवर कुठल्या फालतू कंपनीत धावली ते तर बघ! दिसायला झकासच आहे रे, पण बापावर गेलीय, दम नाही. बाप फ्रेंच होता ना तिचा!"

सुमनताईंनी तोंडाला पदर लावला.

"आई? आई एक नंबर! भल्याभल्यांना लोळवलंय तिने. हो, मागच्या साली डावा पाय दुखावला होता, आता वरून कळत नाही. पण ओली जमीन दिसली की बिथरते आणि लाथा झाडते. रविवारी बडी मंडळी येणार आहेत, तिथे हिची डाळ शिजायची नाही. लिहून घे!"

सुमनताईंचा नंबर लागला तेव्हा त्यांनी ज्याला करायचा त्याला फोन केलाच नाही. देवासला केला.

खरं तर देवासकरांनी बेत रद्द करायला हवा होता. पण फ्रेंच बापाची मुलगी माधव नगरात राहते म्हटल्यावर, न बघता कोण राहील? मंडळी ठरल्या वेळेच्या आधीच येऊन थडकली.

प्राजक्ताच्या आई नंदाताईंनी शेव पेरलेले पोहे पुढे केले. आधीची स्थळं कुठेकुठे अडली होती. हे तरी जमावं म्हणून त्या बिचाऱ्या सकाळपासून देवाला विनवत होत्या.

"प्राजक्ता बेटा, जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन ये ना," सुमनताई म्हणाल्या.

प्राजक्ता जाऊन आली.

"अजून एकदा. जरा जल्दी."

प्राजक्ता पुन्हा गेली. सगळे तिच्या डाव्या पायाकडे टक लावून बघत होते. मग सुमनताई नंदाताईंकडे सरकल्या. "तुम्ही लग्नाआधी फ्रान्सला होत्या काय हो?"

"मी? मी तर शाजापूरची!"

"असं? मग ते तिकडे कुठे भेटले?"

"कोण ते?" नंदाताईंचा आवाज चढला. त्याच क्षणी गडबडून प्राजक्ताच्या हातून पाण्याचा ग्लास सुटला. फरशीवर पाणी पसरलं आणि देवासच्या समस्त मंडळींनी झटकन पाय वर घेतले. लेकीचे डोळे भरून आले ते पाहून मधुकरराव खवळले. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा आमचा? फोनवर तर तुम्हीच सांगून राहिले होते, ओलं दिसलं की लाथा झाडते!"

मधुकररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, ती घोडी आहे!"

"बघा! पोटच्या पोरीला घोडी म्हणतात!"

पुण्याचं वर्तमानपत्र आणून घोडीचा फोटो दाखवेपर्यंत त्यांचा घाम निघाला. फोटो पाहून पहिल्यांदा हसला तो नवरा मुलगा, विक्रांत. मग मधुकररावांनी सगळ्यांना सिद्धांतही समजावून सांगितला, कारण त्यांच्याने राहवेना.

"मतलब, मी कॉलेजात पहिला आलो त्याला काहीच अर्थ नाही?" विक्रांतने विचारलं.

"वर्गात कितीजण होते?" प्राजक्ताने डोळे पुसत विचारलं.

"आमच्या विषयाला दोघंच. दुसऱ्याला टायफॉइड झाला होता."

प्राजक्ता खुदकन हसली, आणि जमलं! मंडळी होकार देऊन आणि घेऊनच गेली. नंदाताईंनी देवापुढे साखर ठेवली.

मधुकररावांना मात्र चैन पडेना. "बेटा, इतक्या लवकर हो म्हणालीस? याच्या आधी आलेले नमुने आठव. त्यांच्यात पहिला येणं काय मोठं?"

"आई, सांग ना यांना!" म्हणत प्राजक्ता आत पळाली.

नंदाताई बशा गोळा करत होत्या. "तिला कशाला शिकवता? माझ्या वेळी तुम्ही चौथे आला होतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी तिघं मला पसंत होते. त्यांचं काही ना काही अडलं, मग तुम्ही. पण कंपनी फार चांगली होती हं!"

सिद्धांताप्रमाणे मधुकररावांना आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना. ते बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "कोण होते ते तिघं?"

"दोघं इंदूरचे. पहिले दोन."

"आणि तिसरा?"

"तिसरे तुमच्याच बँकेत आहेत," नंदाताईंनी नळ सोडला. "आणि नाव मी सांगणार नाही."

सोमवारी मधुकररावांनी बँकेत काडीचं काम केलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याची चाल ते निरखून बघत बसले होते.