दत्तोबांचा गुरुवार

तांबटआळीत फ्लू दरवर्षी पावसाळा सरता सरता वार लावून जेवायला यायचा. रोज एका घरी, आणि प्रत्येक घराचा वार ठरलेला. सोमवारी कोकिळांकडे, गुरुवारी दत्तोबा डहाळ्यांकडे, शुक्रवारी वडनेऱ्यांकडे. चपला बाहेर काढून, नाक पुसत तो पाटावर बसे, दोन भाकऱ्या खाऊन "पुरे" म्हणे आणि "येतो" म्हणून चालू लागे. मागे घरातली माणसं चार दिवस शिंकत, काढा पीत आणि पुन्हा कामाला लागत. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

यंदा त्याच्या जागी दुसराच आला. "मी त्याच्याच घराण्यातला. यंदा त्याचे वार मी करणार," असं त्याने सांगितलं. सदरा तसाच, नाक पुसायची लकबही तीच, म्हणून कुणी जास्त चौकशी केली नाही. हा "पुरे" म्हणत नाही, हे सोमवारी जेवताना कळलं. कोकिळांकडची भांडी रिकामी झाली तेव्हाच तो उठला. आता तांबटआळीचा रिवाज असा, की पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं नाही, आणि शेजारच्याचं जेवण होईपर्यंत पानावरून उठायचं नाही. त्याप्रमाणे अण्णा कोकीळ त्याच्या शेजारी बसले होते. पाहुणा गेला तरी अण्णा उठले नाहीत. ते अजून पाटावरच आहेत. हाक मारली तर बघत नाहीत, म्हणून घरच्यांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली आहे. मंगळवारी आणि बुधवारी दुसऱ्या घरांतही तसंच झालं.

बुधवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आळी जमली.

"दारं लावून घ्या," रोहिदास वडनेरे म्हणाला. त्याने नाकावर उपरणं इतकं आवळलं होतं की त्याचं बोलणं घागरीतून आल्यासारखं वाटत होतं. "कडी घाला. वाजवून वाजवून जाईल."

"वार ठरलेल्याला दारातून परत पाठवायचं?" दत्तोबा उसळले. "अरे, फ्लूच आहे तो. दरसालचा. उगाच बाऊ करताय."

"आणि अण्णा?"

"अण्णांचं वय झालं होतं. त्यात मधुमेह. ते साध्या फ्लूशेजारी बसले असते तरी उठले नसते."

"दरसाल बसत होतेच की. उठतही होते."

अर्धा मंडप हसला, अर्ध्याने माना हलवल्या. दत्तोबांना हसणं सहन होत नसे. ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळेपासून तो आमच्याकडे जेवतोय. मला कधी साधी शिंक तरी आली का? विचारा हिला."

सगळ्यांनी त्यांच्या बायकोकडे, विमलकडे पाहिलं. भट्टीच्या धुराने नवऱ्याची छाती कशी झाली आहे, हे आळीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज रात्री तिच्या शेजारी तो भाता चालायचा. शिंक आली नव्हती हे खरं होतं. का आली नव्हती, हेही तिला माहीत होतं.

"अहो, गुरुवारी तुमचा उपास असतो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही त्याच्या पंगतीला कधी बसलाच नाहीत. दरसाल भाऊजी बसायचे. आणि शिंकायचेही तेच."

आता अख्खा मंडप हसला. दत्तोबांचे कान लाल झाले. "मग उद्या उपास सोडतो," ते म्हणाले. "मीच बसतो. बघाच तुम्ही." विमलने जीभ चावली, पण शब्द सभेत पडला होता आणि पंचांनी तो लिहूनही घेतला.

ठराव मात्र दोन्ही बाजूंना पटेल असा झाला. दार लावायचं नाही आणि उघडायचंही नाही, अर्धं ठेवायचं. यजमानाने नाकतोंड झाकायचं, पण घास घेताना नाही. सगळे समाधानाने घरी गेले.

गुरुवारी सकाळी विमलने साबुदाण्याची खिचडी केली आणि नवऱ्यापुढे ठेवली. "एवढं खा आणि माळ्यावर जाऊन पडा. मी बसते त्याच्याशेजारी. देवाला काय तोंड दाखवाल?"

"देवाला कळतं," दत्तोबा म्हणाले. "रोहिदासला कळत नाही."

दुपारी पाहुणा आला. दार अर्धं होतं, म्हणून अंग तिरकं करून आत आला. चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि अदबीने विचारलं, "यजमान बसताहेत ना?" दत्तोबा बसले.

विमल वाढू लागली. भाकरी झाली, आमटी झाली, भात झाला. पाहुणा मान खाली घालून जेवत होता. दत्तोबांचं कधीच जेवून झालं होतं. त्यांनी उपरण्याआडून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात असे डोळे तिने कधी पाहिले नव्हते.

"विमल," ते पुटपुटले, "हा तो नव्हे गं."

भाताच्या पातेल्याचा तळ दिसत होता. अन्न संपलं की हा उठणार, आणि हा उठला की अण्णांचं झालं तेच होणार. म्हणजे अन्न संपू द्यायचं नाही. दुसरं तिला काही सुचलं नाही. तिने पातेलं तिथेच टाकलं, अर्ध्या दाराशी धावली आणि ओरडली, "कुणाकडे काही शिजलेलं आहे का हो?"

आधी कोकिळांकडची पिठलं घेऊन आली. मग जिची कालच दत्तोबांशी बाचाबाची झाली होती, ती समोरची म्हातारी थालीपिठं घेऊन आली. फ्लूवाले आले, कडीवालेही आले. दिवेलागणीपर्यंत आळीतली एकही चूल विझली नव्हती. विमल वाढत होती, पाहुणा जेवत होता. दत्तोबा ताठ बसून होते, श्वास घेत होते, आणि तो भाता तिला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

शुक्रवारी सकाळी अर्ध्या दारात रोहिदास उभा राहिला. नाकाला उपरणं, हातात भाकऱ्यांची चवड. आज वार त्याच्या घरचा होता. त्याने आत डोकावून पाहिलं. पाहुणा अजून पाटावरच होता.

"दत्तोबा कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बसलेत," विमल म्हणाली. रात्रभर उभं राहून तिचे पाय सुजले होते.

रोहिदासने भाकऱ्या तिच्या हातात दिल्या, आणि जरा घाईनेच दिल्या. "काही कमी पडू द्यायचं नाही, वहिनी," तो म्हणाला. "आमच्या घरी भात चढवलाय. आणखी भाकऱ्या आणू, की भात आणू?"

विमलने मागे वळून पाहिलं. पाहुण्याचं पान पुन्हा रिकामं होत आलं होतं.

"दोन्ही आणा," ती म्हणाली.