श्यामसुंदरराव विसरून राहिले

रोजा ठेवणं म्हणजे श्यामसुंदररावांच्या मते डाव्या हातचा मळ होता!

"चतुर्थीला मी काय जेवतो?" त्यांनी बायकोला छातीठोकपणे विचारलं.

"दोन ताटल्या खिचडी, रताळ्याचा कीस अन् वरून केळी," शरयूताई म्हणाल्या.

ते त्यांना ऐकू आलं नाही.

घमापूर मोहल्ल्यात त्यांच्या भिंतीला भिंत लागून खालिक साहेब राहायचे. त्यांची नात मिस्बाह आठ वर्षांची. रविवारी तिचा पहिला रोजा! संध्याकाळी रोजा सोडताना गळ्यात हार, नवा गोटेदार घागरा, सगळे नातेवाईक. पोरगी मात्र जाम घाबरली होती. तिला धीर द्यायला श्यामसुंदरराव बोलून बसले, "मैं भी रखूँगा, बेटा!"

मिस्बाहनं करंगळी पुढे केली. "पक्का? आप तोड़ेंगे तो मैं भी तोड़ दूँगी!"

झालं! पोरीचा पहिला रोजा आता ह्यांच्या पोटावर येऊन बसला.

पहाटे ते सेहरीला शेजारीच गेले आणि दाबून जेवले. "नीयत के लिए दिल का इरादा काफ़ी है," खालिक साहेब म्हणाले. इरादा जबरदस्त होता.

नंतर घरी पेपर वाचता वाचता त्यांनी समोरच्या पोह्यांची प्लेट चाटूनपुसून साफ केली. पोहे शरयूताईंचे होते. त्या बिचाऱ्या चहा आणायला आत गेल्या होत्या.

"अहो, रोजा!"

श्यामसुंदररावांच्या हातातलं लिंबू गळून पडलं. ते तसेच बनियनवर शेजारी धावले.

"भूल से खाया?" खालिक साहेबांनी विचारलं.

"क़सम से!"

"तो रोज़ा सलामत है. नीयत तोड़ने की थोड़ी थी."

श्यामसुंदररावांचा जीव भांड्यात पडला. पण दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले, तसा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. विसरून खाल्लं तर चालतं! मग अडलंय कुठे? त्यांनी कमानिया गेटहून आणलेली खोवा जलेबी काढली, समोर ठेवली आणि डोळे मिटून बसले.

"काय करून राहिले?" शरयूताईंनी विचारलं.

"विसरून राहिलो."

"काहून?"

"विसरलो की खातो!"

"सिलिंडर सांगायला विसरले, माझ्या भावाचं लग्न विसरले, अन् आजच विसरता येऊन नाही राहिलं?"

खरंच येत नव्हतं! टीव्ही लावला, आठवलं. गणपतीची आरती म्हटली, तिच्यात 'मोदक' नसताना मोदक आठवला. चार वाजता मिस्बाह आली. ओठ सुकलेले, पण डोळ्यांत चमक. "अंकल, याद है ना?"

"याद ही तो है, बेटा!" ते कळवळून म्हणाले. जलेबी जशीच्या तशी राहिली.

संध्याकाळी खालिक साहेबांचं अंगण भरलं. मिस्बाहला हार, श्यामसुंदररावांनाही हार! लोक त्यांचे हात हातात घेऊन कौतुक करत होते. समोर खजूर, भजी आणि शरयूताईंनी सोबत आणलेली तीच जलेबी. हार टोचत होता, फोटो निघत होते, कुणीतरी सिहोऱ्याचे पाहुणे त्यांना गव्हाचा भाव सांगत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि अख्खी जलेबी तोंडात गेली.

मग त्यांचं लक्ष मिस्बाहकडे गेलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. आणि तिचंही तोंड हलत होतं!

 पोरीनं शब्द पाळला होता!

"खालिक साहब!" ते हारासकट उठले. "मैंने भूल से खाया! बच्ची ने मुझे देखकर तोड़ा! उसकी ग़लती मत मानिए, सारी ग़लती मेरी!"

 खालिक साहेबांनी तोंडातली खजुराची बी काढून हातात घेतली.

"श्यामसुंदर जी, अज़ान कब की हो गई. सबने रोज़ा खोल लिया. हम तो सोच रहे थे, आप कब खोलेंगे!"

दिवसभराच्या खटपटीनंतर श्यामसुंदररावांना विसरणं अखेर जमलं होतं, रोजा संपल्यावर.

शरयूताईंनी त्यांच्यापुढे दुसरी जलेबी सरकवली. "घ्या," त्या म्हणाल्या, "आता आठवणीनं खा."