ट्रिप बीचा आकडा

रविवार, सात जानेवारी. बॅटरीचे चार हजार सहाशे, जुनी परत देऊन. शिवाय मिस्त्रीचे दोनशे. हजर माणसं तीन: गाडीचे मालक सोनाजीराव, मिस्त्री रफीक आणि मी. हे दोनशे नुसती बॅटरी बसवण्याचे नव्हते. तेवढं काम दुकानदार फुकट करून देत होता. सोनाजीरावांची अट अशी होती की जुनी बॅटरी निघून नवी बसेपर्यंत गाडीतला करंट एक सेकंदसुद्धा तुटता कामा नये.

“चाचा, ही गाडी आहे. दवाखान्यातला पेशंट न्हाई,” रफीक म्हणाला.

“तुला जमतं का न्हाई, तेवढं सांग.”

सोनाजीराव माझे शेजारी. जालन्यात अंबड रोडला आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. एकतीस वर्षं सरकारी जीप चालवून ते निवृत्त झाले. आता त्यांच्याकडे एक छोटी पेट्रोल गाडी आहे आणि ती कमीत कमी पेट्रोलवर चालवणं हा त्यांचा एकमेव उद्योग आहे.

ते हॉर्न वाजवत नाहीत. हॉर्न बॅटरी खातो, असं त्यांचं म्हणणं. म्हैस आडवी आली की काच खाली करून मान बाहेर काढतात आणि “सरक गं बाई” म्हणतात. माणूस आला तर “ओ भाऊ.” हॉर्न किती करंट खातो हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. जवळपास काहीच नाही.

“जवळपास म्हंजे खातो ना?” ते म्हणाले. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

एकदा त्यांच्या गाडीतून भोकरदनला लग्नाला जायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी माझं वजन विचारलं. मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं.

“जेवायच्या आधीचं का नंतरचं?”

जाताना त्यांनी चारी टायरची हवा तपासली. येताना परत तपासली, कारण पंगत चांगली झाली होती. वेग पंचेचाळीसच्या वर गेला नाही. मागचे ट्रकवाले काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोनाजीराव म्हणाले, “त्यांना जल्दी आहे. आपल्याला काय जल्दी?” आणि गाडी थांबली रे थांबली की चावी फिरवून इंजिन बंद. त्या एका फेरीत मी मोजलं: सतरा वेळा बंद, सतरा वेळा चालू.

यात पेट्रोल वाचतं खरं, पण दर वेळी सेल्फ मारला की बॅटरीला ओढ बसते. म्हणून वाचवलेल्या पेट्रोलइतकीच सेवा बॅटरीची. टर्मिनलवर पांढरं चढलं की कोमट पाणी आणि सोडा, मग कोरडं पुसून व्हॅसलीनचा हात. दर महिन्याला झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायची, कमी असली तर विकतचं डिस्टिल्ड पाणी घालायचं. एकदा मी सहज म्हणालो, घरचंच पाणी टाका की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाहुण्याला गटाराच्या पाण्याचा पेला दिला होता. “बोअरचं पाणी? साहेब, तुम्ही शिकलेले माणसं!”

या सगळ्या सवयी मुळात त्यांच्या नव्हत्या. त्या कुसुमताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या होत्या. ताई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. एक्कावन्नाव्या वर्षी नवऱ्याकडूनच गाडी शिकल्या आणि शहागडपर्यंतची गावं एकट्या करू लागल्या. गाडीच्या पडद्यावर ए आणि बी असे दोन ट्रिप असतात. गाडी लिटरला किती धावते ते त्यात दिसतं, आणि आपण शून्य करेपर्यंत सरासरी चालू राहते. ताईंनी वाटणी केली होती: ए सोनाजीरावांचा, बी त्यांचा. सोनाजीराव तेव्हा ती क्वचितच चालवत आणि आपल्या फेरीआधी ए शून्य करत. तो एकोणिसाच्या वर जात नसे. ताईंचा बी तेवीसवर.

“तुम्ही सरकारी डिझेलवर शिकले,” ताई माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या होत्या. “मी माझ्या पगारावर.”

अडीच वर्षांपूर्वी पंधरा दिवसांच्या तापात ताई गेल्या. तेव्हा बीवर सहा हजार चारशे किलोमीटर आणि तेवीस पूर्णांक एक असा आकडा होता. पण गाडी कुणीही चालवली तरी बी चालूच राहतो. म्हणजे सोनाजीरावांचा प्रत्येक किलोमीटर ताईंच्या सरासरीत मिसळत होता. त्यांनी वाईट चालवली की आकडा ताईंचा पडणार. पंचेचाळीसचा वेग आणि बंद इंजिन तेव्हापासूनचं.

डिसेंबरात आकडा बावीस पूर्णांक आठवर होता, किलोमीटर आठ हजार सहाशे. मी मनात गणित केलं आणि त्यांना शाबासकी म्हणून सांगितलं, “राव, याचा अर्थ तुमचे एकट्याचे बावीस पडले.”

“ते येगळं काढू नका,” ते म्हणाले.

त्याच महिन्यात बॅटरी दमली. सकाळी सेल्फ घोगऱ्या आवाजात दोनदा खोकल्यासारखा करून मगच इंजिन लागे. रफीकने आपल्या गॅरेजमध्ये मीटर लावून सांगितलं, “चाचा, ही आता जाऊन राह्यली. एक दिवस सेल्फ मारताना करंट पडंल अन् पडदा आपोआप कोरा होईल.” म्हणजे बॅटरी काढली तरी बी शून्य, नाही काढली तरी शून्य. गाडी तिथेच उभी ठेवून सोनाजीराव तीन आठवडे तिला हात लावेनात.

मग आम्ही दुकानात गेलो. त्यांनी एक नंबर मोठी बॅटरी मागितली, वारंवार सेल्फ मारावा लागतो म्हणून. दुकानदाराने तिथल्या तिथे पाच बॅटऱ्या उतरवल्या, कारण सोनाजीराव प्रत्येकीवरचा बनवल्याचा महिना चष्मा वर करून वाचत होते. “फळीवर सहा महिने बसून म्हातारी झालेली देऊ नको बाबा. घरात एक म्हातारा बस झाला.”

रफीकने युक्ती काढली. एक तिसरी बॅटरी बाजूला ठेवायची, तिच्या तारा गाडीच्या वायरींना चिमट्यांनी जोडायच्या, आणि मग अदलाबदल करायची. चिमटे दाबून धरायला तिसरा माणूस हवा. तो मी. सोनाजीराव आत बसून, चावी अर्धी फिरवून, पडद्याकडे बघत राहिले.

जुनी निघाली. पडदा चालू. “हाये, हाये,” आतून आवाज आला.

रफीकने नवी उचलून माझ्यासमोर आणली. तिच्या अंगावरचा नंबर दिसत होता आणि वॉरंटीचं कार्ड माझ्या वरच्या खिशात होतं. कार्डावरचा शेवटचा आकडा आठ आहे की तीन, याची मला दुकानापासून शंका होती. एकदा बॅटरी खाली बसली की नंबर आड जाणार. मी वाकलो. कोपर तारेला लागलं. चिमटा निसटला, एक ठिणगी उडाली. मी लगेच परत लावला; एक सेकंदही गेला नसेल.



रफीक मला म्हणाला, “साब, ये क्या किया!” मी खिडकीशी गेलो. पडद्यावर ए शून्य होता, बी शून्य होता आणि सरासरीच्या जागी नुसत्या दोन रेघा.

“राव, माझ्या हातून झालं,” मी म्हणालो.

ते पडद्याकडेच बघत होते. तसंच बघत म्हणाले, “हात भाजला का?”

“नाही.”

“नंबर जुळला का कार्डावरचा?”

“जुळला. आठच आहे.”

“मंग बराबर आहे.”

रफीकने नवी बॅटरी आवळून बसवली. दोनशे रुपये त्याने घेतले नाहीत. “काम झालं न्हाई चाचा, पैसा कायचा?” सेल्फ पहिल्याच झटक्यात लागला.

परत येताना चौफुलीवर लाल दिवा लागला. सोनाजीरावांचा हात चावीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. इंजिन चालू होतं. शेजारचा रिक्षावाला पोरांना ओरडत होता. दिवा हिरवा झाला तरी आम्ही उभेच होतो. मागच्यांनी हॉर्न लावले तेव्हा ते निघाले.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा बीमध्ये दोन पूर्णांक सात किलोमीटर होते. सरासरी सोळा पूर्णांक नऊ.

“हा निव्वळ माझा,” ते म्हणाले आणि चावी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी कडी वाजवली. हातात शंभराच्या दोन नोटा होत्या. “चला साहेब, रफीकचं द्यायचं राह्यलं.” निम्मे तरी माझे घ्या, असं मी म्हणालो. “काम माझं व्हतं,” ते म्हणाले. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. आम्ही पायी गेलो. रफीक नको नको म्हणत असताना सोनाजीरावांनी नोटा त्याच्या शर्टाच्या खिशात घातल्या आणि वरून हाताने दाबल्या. रुपये दोनशे, रफीक मिस्त्रीला, रोख.