दाजीबांचा आभाळातला बर्फ

आमच्या दाजीबांना कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते आधी मान वर करून आभाळ बघत आणि मग सांगत, "आपलं बरं हाये. पण तथी वरतं लय थंडी हाये, मास्तर." स्वतःच्या तब्येतीआधी ढगांची तब्येत सांगणारा माणूस मी अख्ख्या अमरावतीत दुसरा पाहिला नाही.

दाजीबा आमचे शेजारी. वलगावच्या रस्त्याला त्यांचा मळा होता. त्यातली संत्री, वांगी आणि शेवंती विकून त्यांचं चालायचं. बायको फार लवकर गेली. एकुलती एक मुलगी काशी, ती लग्न होऊन अकोल्याला. म्हणजे घरात दाजीबा एकटेच, आणि एकट्या माणसाला शेजारच्या चहाची वेळ बरोबर कळते. ते यायचे, माझ्या कपाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे पाहा मास्तर, ही वाफ. आता हे चालली वरतं..." त्यांची वाफ ढगात पोचेपर्यंत माझ्या चहावर साय धरलेली असे.

"ढगातलं पानी लय हट्टी असते," ते सांगत. "गोठायची थंडी झाली तरी गोठत नाही. त्याले बी लागते, बी! धुळीचा कण सापडला का मंग त्याच्याभवती बर्फ धरते. बीशिवाय काही उगवते काय, राजा?"

एका वर्षी पाऊस लांबला, तेव्हा "आभायात बी कमी पडून राह्यलं" असा निकाल देऊन त्यांनी परसात वाळका पाचोळा आणि ओल्या गोवऱ्या पेटवल्या. आभाळात काय उगवलं ते मला ठाऊक नाही. खाली मात्र आमच्या कुटुंबाच्या वाळत घातलेल्या दोन्ही लुगड्यांवर काजळी उगवली. ती त्या दिवशी जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले. हिवाळ्यातल्या एका सकाळी भाजीबाजारात एकदम गलका झाला. निळ्याभोर आभाळात फार उंचावर एक विमान चाललं होतं, आणि त्याच्यामागे पांढरी सरळ रेघ ओढली जात होती. कुणी म्हणालं बाँब, कुणी म्हणालं विषारी धूर. एका दुकानदाराने तर फळ्या लावायला घेतल्या. दाजीबा वांग्यांच्या टोपल्या ओलांडून मधोमध उभे राहिले.

"भेऊ नका! थो धूर नाही, बर्फ हाये! विमानाच्या पोटातून वाफ निंघते, अन् तथी एवढी थंडी का निंघल्याबरोबर तिचा बर्फ होते. सकायी आपल्या तोंडातून वाफ निंघते का नाही? तसंच."

"बर्फ हाये तं पाडा ना थोडा खाली," एक हमाल म्हणाला, "सरबताले कामी येईन."

सगळा बाजार हसला. दाजीबा लालबुंद झाले. "माह्या जवायानं सांगतलं हाये! थो अकोल्याले विमानतळावर हवेच्या हापिसात हाये. रोज आभायात फुगा सोडते, मालूम हाये काय?"

जावयाचं नाव आलं की वाद संपला. मी तेव्हा मनात म्हणायचो, या माणसाला जावयाचं वेड लागलंय. वेड कसलं होतं ते मला अकोल्याला कळलं.

फाल्गुनात शाळेच्या कामासाठी मला अकोल्याला जायचं होतं. दाजीबा म्हणाले, मीही येतो. एका हातात दशम्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. काशीच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. दुसरे बाप अशा वेळी लेकीच्या शेजारून पेलाभर पाणी मागवतात आणि वेळ मारून नेतात. दाजीबांनी अख्ख्या अकोल्याचं पाणी वर्ज्य केलं होतं.

"माह्या तहानेपायी पोरीच्या कुशीले काही झालं तं?" ते म्हणाले. "तांब्यात पानी असते तवरीक बसतो. सरलं का उठतो."

वर्षानुवर्षं हा माणूस त्या घरून घोटभर चहा न घेता परतत होता. घेता येत होत्या त्या फक्त जावयाच्या गोष्टी, आणि त्याच तो आम्हाला वाटत फिरत होता. मला माझ्या निवलेल्या चहांचं काही वाटेनासं झालं.

लढाईमुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. आमची मूर्तिजापूरच्या पुढे फुरफुरून बंद पडली. ड्रायव्हर इंजिनासाठी पाणी मागत फिरू लागला. मी "तांब्या दडवा" म्हणेपर्यंत दाजीबांनी तो पुढे केलासुद्धा.

"गाडीच नाही पोचली तं पानी नेऊन काय करू?" ते म्हणाले.

अकोल्याला पोचल्यावर काशीने मला गूळपाणी दिलं. बापाचा तांब्या उचलून पाहिला तो हलका. दाजीबा ओट्यावर जेमतेम टेकले.

"जवाई?"

"ड्युटीवर."

"बरी हायेस ना?"

"हाव."

"मंग येतो मी."

"आत्ताच तं आले. बसा ना, बाबा."

"बस सुटंल व." त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. काशी चौकटीला धरून उभी राहिली आणि नखाने रंग खरवडू लागली.

तेवढ्यात वारा सुटला, दिवसाढवळ्या अंधारून आलं आणि पत्र्यांवर ताडताड गारा कोसळू लागल्या. काशीने तांब्या उचलला, डोक्यावर पदर घेतला आणि अंगण ओलांडून थेट रस्त्यावर धावली. "पोरी, डोकसं फुटंल!" दाजीबा ओरडले. ती आली तेव्हा नखशिखान्त भिजली होती, कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि तांब्या गारांनी काठोकाठ भरला होता.

"घ्या."

"काशे..."

"हे माह्या घरचं नाही, बाबा. अकोल्याचंबी नाही. वरतंच बनून आलं. तुमचा जवाई काय खोटं सांगते काय?"

दाजीबा तांब्यात बघत राहिले. "आंगनातून येचल्या काय?"

"रस्त्यातून. रस्ता सरकारचा हाये."

दाजीबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग एक गार उचलून तोंडात टाकली. एक गाल फुगला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बर्फ कसा होतो, थंडी किती असते, यातलं अक्षरही ते बोलले नाहीत. त्यांनी दुसरी गार घेतली. काशी पायरीवर बसून केस पुसत घरातलं सगळं सांगू लागली. गळणारं छप्पर, जावयाची रात्रपाळी, शेजारणीची कटकट. तिच्याकडे सांगायला किती साठलं होतं! मी माझ्या कामाला गेलो आणि संध्याकाळी परत आलो, तरी ती सांगतच होती.

"दाजीबा," मी म्हणालो, "बस गेली."

"जाऊ द्या." त्यांनी तांब्यावर झाकण बसवून तो लेकीच्या हातात दिला. "पोत्यात गुंडाळून सावलीत ठेव व, काशे. सकायपर्यंत पुरल्या पाह्यजे."